मुकिंदाची रुंद लेन्स

एका गावात एक भोळा फोटोवाला होता. त्याचं नाव मुकिंदा. भोळा म्हणजे किती, तर एकदा तलाठ्यानं त्याच्याकडे एकसारखे चार फोटो मागितले. मुकिंदानं एक काढला आणि तलाठ्याला सांगितलं, उद्या हाच सदरा घालून, अशीच दाढी करून या. तलाठी चार दिवस येत राहिला. चौथ्या दिवशी त्याला सर्दी झाली होती, तर मुकिंदानं त्याला शिंकू दिलं नाही.

पण माणूस मेहनती. कुणी काही शिकवलं की तो म्हणायचा, "असं होय. ध्यानात ठेवतो." आणि खरंच ध्यानात ठेवायचा. सगळा घोटाळा तिथंच होता.

काटकसरीही होता. बिघडलेला फोटो तो टाकून देत नसे. चांगला फोटो त्यातच गुंडाळून गिऱ्हाइकाला देई. त्यामुळे गावात अर्ध्या लोकांकडे दुसऱ्यांचे डोळे मिटलेले फोटो होते.

त्याची बायको वैजंता. तिचे वडील म्हणजे नाना गुरुजी. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पोरांना पटांगणात सतरंजीवर निजवून आभाळातले तारे ओळखायला लावले. आता त्यांचा एक डोळा गेला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात ठरलं होतं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की नंतर दिसेलही, न दिसेलही. नानांनी कुरकुर केली नाही. त्यांनी फक्त एक गोष्ट मागितली. घरामागच्या खळ्यावर सगळे नातेवाईक उभे करायचे, वर आकाशगंगा, आणि दोन्ही एकाच फोटोत. वर मान करून आता त्यांना काही दिसत नव्हतं. फोटो मोठा छापला तर तो डोळ्याला लावून बघता आला असता.

"जावईबापू, आभाळ तेवढं माझ्या डोळ्याजवळ आणून द्या," नाना म्हणाले. "बाकी काही नको."

मुकिंदाला भरून आलं. त्याचं नानांवर फार प्रेम होतं. नानांनी त्याला आजवर कधी मूर्ख म्हटलं नव्हतं आणि तसं म्हणणाऱ्यांना घरात बसू दिलं नव्हतं. पण अडचण अशी की मुकिंदाच्या जुन्या लेन्समध्ये सात माणसं मावायची. नानांचे नातेवाईक होते एकतीस. आभाळ वेगळंच.

म्हणून मुकिंदा शहरात कॅमेऱ्याच्या दुकानात गेला. दुकान ओसवालशेठचं. शेठनं नीट समजावून सांगितलं. माणसं आणि आभाळ एकत्र यायचं तर लेन्स रुंद नजरेची हवी. ताऱ्यांचा उजेड थोडा, म्हणून काच मोठी हवी, जास्त उजेड आत घेणारी. आणि प्रवासात गळ्यात अडकवून डोंगर चढायचे, तर हलकी हवी.

मुकिंदाला शेवटचं तेवढं नीट कळलं. तो म्हणाला, "असं होय. ध्यानात ठेवतो." मग शेजारच्या किराणा दुकानातून तराजू मागून आणला आणि काचेवर मांडलेली एकेक वस्तू तोलली. शेठ तेवढ्यात जेवायला गेले होते. सगळ्यांत हलकं जे भरलं ते मुकिंदानं पिशवीत घातलं, नोकराला दाखवलं आणि घरी आला.

ते लेन्सचं झाकण होतं.

वैजंतानं ते उलटंपालटं करून पाहिलं. तिनं कपाळाला हात लावला नाही. लग्नाला वीस वर्षं झाली होती. ती म्हणाली, "अहो, या झाकणातून काही दिसतंय का? वस्तू घेताना आधी डोळ्याला लावून बघावी. पलीकडचं स्वच्छ दिसलं तरच घ्यावी."

"असं होय," मुकिंदा म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

दोन दिवसांनी तो झाकण परत करायला निघाला. वैजंता म्हणाली, शहरात जाताच आहात तर मला एक पातळ आणा, नानांच्या फोटोत नेसायला. मुकिंदा आधी कापडाच्या दुकानात गेला. दुकानदारानं पातळं उलगडून टाकली. मुकिंदानं पहिलं डोळ्याला लावलं. काही दिसलं नाही. दुसरं लावलं. नुसता निळा अंधार. दुकानदार म्हणाला, रंग पक्का आहे. मुकिंदा म्हणाला, रंगाचं राहू द्या, पलीकडचं दिसत नाही. असं करता करता शेवटी एक सापडलं. त्यातून दुकानदार दिसला, दुकानदाराच्या मागचं घड्याळ दिसलं आणि घड्याळात किती वाजले तेही दिसलं. मुकिंदानं ते लगेच बांधून घेतलं आणि त्या आनंदात लेन्स विसरून घरी आला.

वैजंतानं पातळ उलगडलं. त्यातून तिला मुकिंदा हसताना दिसला.

तिनं ते घडी करून पिठाच्या डब्यावर झाकायला ठेवलं. मग शांतपणे सांगितलं, "अहो, पातळातून पलीकडचं काहीसुद्धा दिसता कामा नये. घट्ट विणीचं बघून घ्यायचं असतं."

"असं होय," मुकिंदा म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ओसवालशेठकडे गेला. शेठनं झाकण परत घेतलं आणि एक लेन्स त्याच्या हातात दिली. मुकिंदानं ती डोळ्याला लावली. रस्ता दिसला, रिक्षा दिसली, समोरच्या गॅलरीत वाळत घातलेली कुरडई दिसली. त्यानं मान हलवून लेन्स परत केली. शेठनं दुसरी दिली. तिच्यातून आणखीच दिसत होतं. तिसरी देण्याआधी शेठनं ती स्वतःच्या डोळ्याला लावून बघितली.

"शेठ," मुकिंदा म्हणाला, "घट्ट विणीची दाखवा."

शेठ चाळीस वर्षं धंद्यात होते. ते एक ग्लास पाणी प्याले. मग कुणालाही काही न विचारता योग्य ती लेन्स उचलली, मुकिंदाच्या कॅमेऱ्याला लावली, झाकण घातलं आणि कॅमेरा त्याच्या गळ्यात अडकवला. वर ताऱ्यांच्या फोटोचं सगळं सांगितलं. अमावास्या बघायची. आजूबाजूचे दिवे झाडून सगळे बंद करायचे. बटण दाबल्यावर वीस सेकंद कुणी हलायचं नाही.

"असं होय," मुकिंदा म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

त्याच आठवड्यात सरपंचांच्या मुलीचं लग्न होतं. नव्या लेन्सचं पहिलंच काम. मुकिंदानं सरपंचांना आधी सुचवून पाहिलं की लग्न अमावास्येवर ढकलावं. सरपंचांना वाटलं, चेष्टा करतोय. ते मोठ्यानं हसले. मुकिंदाही हसला, कारण सरपंच हसत होते.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. मंगलाष्टकं संपत आली, अंतरपाट दूर झाला, नवऱ्या मुलानं हार उचलला, आणि मुकिंदानं मांडवाचा मेन स्विच ओढला.

काळोख झाला. अक्षता पडल्या त्या नुसत्या ऐकू आल्या.

"कुणी हलायचं नाही," अंधारातून मुकिंदाचा आवाज आला. "वीस सेकंद."

दिवे लागले तेव्हा हार करवलीच्या गळ्यात होता. करवलीनं तो काढायला जरा उशीर केला असं काही बायका नंतर म्हणाल्या, पण बायका काय, काहीही म्हणतात. सरपंच मात्र काहीही म्हणण्याच्या पलीकडे गेले होते. त्यांनी मुकिंदाला मांडवाच्या खांबाजवळ नेलं आणि बजावलं की फोटो काढायचा तर लखलखीत उजेड पाहिजे. असतील नसतील तेवढे दिवे लावायचे.

"असं होय," मुकिंदा म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

मग हार बदलला, सगळे दिवे लावले आणि अक्षता पुन्हा टाकल्या. मुकिंदानं नव्या लेन्सनं अख्खा मांडव एका फोटोत घेतला. फोटो चांगलाच आला होता. पण आठवड्यानं नवरीची आई तो घेऊन दुकानात आली. पाचशे माणसांनी टाकलेल्या अक्षता हवेतल्या हवेत फोटोत उतरल्या होत्या. सगळ्या मांडवाला कांजिण्या आल्यासारखं दिसत होतं. बाई म्हणाल्या, गिऱ्हाइकाच्या हातात फोटो देताना पांढरा ठिपका एकसुद्धा दिसता कामा नये. बसून एकेक पुसायचा.

मुकिंदा संगणकापुढे बसला आणि त्यानं एकेक ठिपका पुसला. दोन दिवस लागले. बाईंनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "शाब्बास. याला म्हणतात काम."

मुकिंदाला जन्मात पहिल्यांदा कुणी शाब्बास म्हटलं होतं. तो रात्रभर झोपला नाही. हे त्यानं सगळ्यांत घट्ट ध्यानात ठेवलं.

चैत्रातली अमावास्या आली. एकतीस माणसं नानांच्या घरी जमली. आकाशगंगा वर यायला पहाटेचे तीन वाजणार होते, म्हणून सगळे ओट्यावर चहा पीत जागत बसले. नानांची थोरली बहीण आक्का अमावास्येला घराबाहेर पडायला तयार नव्हती. नानांनी तिला सांगितलं की तारे अमावास्येलाच मनमोकळे बाहेर पडतात, तुला काय होतंय. आक्का देवाचं नाव घेत खळ्यावर आली.

तिथं मुकिंदानं मांडववाल्याचे चार हॅलोजन आभाळाकडे तोंड करून लावले होते. तारे लांब आहेत, तेव्हा उजेड जरा जास्तच पाहिजे, असा त्यानं विचार केला होता. खळं दिवसासारखं लख्ख झालं होतं आणि वर एकही तारा दिसत नव्हता. कोंबडे आरवायला लागले. नाना काठी टेकत आले, वायर चाचपली आणि स्वतःच्या हातानं ओढून काढली. रागावले नाहीत. फक्त म्हणाले की ताऱ्यांना त्यांचा त्यांचा उजेड असतो.

काळोखाला डोळे सरावायला थोडा वेळ लागला. मग पोरंबाळं हळूहळू गप्प झाली. डोंगराच्या कडेपासून थेट डोक्यावर आकाशगंगा आली होती. नाना तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना ती दिसत नव्हती, पण कुठं आहे ते ठाऊक होतं.

मुकिंदानं कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवला, झाकण काढलं आणि बटण दाबलं. वीस सेकंद एकतीस माणसं हलली नाहीत. आक्कासुद्धा नाही. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर वैजंतानं फोटो पाहिला आणि तिच्या अंगावर काटा आला. खाली माणसांची काळी रांग आणि वर सगळं आभाळ. तिनं नवऱ्याचा हात धरला. सगळ्यांसमोर धरला, हे विशेष.

शहरात जाऊन मुकिंदानं फोटो हातभर मोठा छापून आणला. दुकानात येऊन उलगडला आणि तो मटकन खुर्चीत बसला.

फोटोभर पांढरे ठिपके होते.

ऑपरेशनला नऊ दिवस राहिले होते. मुकिंदानं दुकानाला आतून कडी घातली आणि तो कामाला लागला. वैजंता डबा घेऊन यायची. काय करताय विचारलं की तो मान वर न करता म्हणायचा, "नानांचं काम." तिला त्याचा अभिमान वाटायचा. ती जेवणाबरोबर लाडूही ठेवून जायची. मुकिंदानं बारीक ठिपके पुसले, मोठे पुसले, तांबूस होता तोही पुसला. मधोमध दूध सांडल्यासारखा लांबलचक डाग होता. जवळून पाहिलं तर तोही ठिपक्यांचाच. त्या एकट्यानं चार दिवस खाल्ले. संगणकातला मूळ फोटो त्यानं वेगळा ठेवला नाही. डाग जपून ठेवायचे कशाला?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शहरातून फोटो पुन्हा छापून घेऊन मुकिंदा नानांच्या घरी आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, हातात गुंडाळी. सगळे भोवती जमले. नानांनी हात पुढे केले. मुकिंदानं वरचा कागद सोडवला, तो बाजूला टाकला आणि फोटो त्यांच्या हातात ठेवला.

नानांनी फोटो डोळ्याजवळ नेला. मग आणखी जवळ. मग नाक टेकलं.

"गेला वाटतं हाही डोळा," नाना हळूच म्हणाले. "सगळा काळोख दिसतोय."

वैजंता घाबरून पुढं धावली आणि तिनं फोटो पाहिला. तिलाही काळोखच दिसला. काळ्याभोर आभाळाखाली एकतीस काळेभोर नातेवाईक उभे होते.

"डोळा चांगला आहे, नाना," मुकिंदा अभिमानानं म्हणाला. "चार हजारांवर ठिपके होते. एक ठेवला नाही."

आक्का मनातल्या मनात अमावास्येला दोष देत होती. नानांनी तो काळा फोटो मांडीवर ठेवला. त्यांचा चेहरा पडला होता, पण जावयाला बोल लावायचा त्यांचा स्वभाव नव्हता. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी बाजूला पडलेला वेष्टनाचा कागद उचलला आणि मास्तरी सवयीनं तळहातानं सपाट करायला घेतला. कागद जाड होता. त्याच्या आतल्या बाजूला काहीतरी चमकलं.

नानांनी कागद डोळ्याला लावला.

"हा वृश्चिक," ते म्हणाले. त्यांचं बोट कागदावरून सरकायला लागलं. "ही तांबडी ज्येष्ठा. ही नांगी, हे मूळ. आणि ही सगळी..." बोट मधल्या पांढऱ्या पट्ट्यावरून सावकाश खालपर्यंत आलं. "आणि ही खाली आपली माणसं. ही वैजू. ही आक्का, वाकलेली."

शहरातून छापून आणलेला तो पहिला, बिघडलेला फोटो होता. मुकिंदानं नेहमीप्रमाणे चांगला फोटो त्यात गुंडाळला होता.

घरात कुणी हललं नाही. वैजंतानं पदर डोळ्याला लावला. नानांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दिसणाऱ्यातून आणि न दिसणाऱ्यातूनही, आणि कागद काही ते डोळ्यापासून बाजूला करेनात.

नानांना रडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो त्यांच्यापाशी गुडघ्यावर बसला आणि त्यानं हलक्या हातानं कागदाचं टोक धरलं.

"रडू नका, नाना," तो म्हणाला. "द्या इकडे. आता हात बसलाय. सकाळपर्यंत हाही पुसून आणतो."