टिटवी गप्प राहिली तेव्हा

मुलांनो, माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले, शब्द फार साधे वाटले, तर सांभाळून घ्या. गोष्ट मात्र नीट सांगतो.

माळरानाच्या कडेला चिंचेवर एक लाजाळू माकड राहत असे. रानातल्या जत्रेत घोड्यावर बसून, निशाण घेऊन सगळ्यांच्या पुढे जायचे, एवढी एकच इच्छा त्याच्या मनात होती. पण तो मान सहज मिळत नसे. त्यासाठी घोड्याला तालात चालवावे लागे, गोल फिरवावे लागे, तिरके सरकवावे लागे, आणि तेही लगाम न ओढता, नुसत्या टाचेच्या आणि पाठीच्या खुणेने. शहरातली माणसे या विद्येला ड्रेसाज म्हणतात.

माकड रोज शिकवणीला जाई. घोडा वयस्कर आणि सगळ्यांचे मन राखणारा होता. शिकवायला टिटवी होती. माळाच्या मधोमध उभी राहून ती सारखी बोलत असे. वळ म्हणे, सरक म्हणे, थांब म्हणे. माकडाने डावी टाच टेकवली की घोडा उजवीकडे सरके, पाठ ताठ केली की जागीच थांबे. निदान माकडाला तरी तसे वाटे. घरी येऊन ते थोरल्या भावाला सांगे, की आपण नुसता श्वास घेतला तरी घोड्याला कळते.

निवडीचा दिवस आला. परीक्षक होता हत्ती, आणि त्याचा नियम असा, की शिकवणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. स्वतःवर भरवसा नसल्यामुळे टिटवीने चोचीत गवताची काडी धरून ठेवली. माकडाने टाच टेकवली. घोडा हलला नाही. माकडाने पुन्हा टेकवली. घोड्याने दोन्ही कान टिटवीकडे वळवले आणि तो वाट पाहत उभा राहिला.

“अरे, श्वास जरा मोठा घे,” झाडावरून भाऊ म्हणाला, “घोड्याला ऐकू आला नसेल.”

सगळा माळ हसला. निशाण मिळाले ते रेडकावर बसलेल्या खारीला. रेडकू अडखळत चालले, पण तिच्या खुणेवर चालले.

परतताना माकडाने घोड्याला हळूच विचारले, “दादा, माझ्यावर रुसला होतात का?”

घोडा ओशाळला. “नाही रे बाळा. टिटवीबाई थांब म्हणाल्या की मी थांबायचो. तुला त्रास नको म्हणून तुझ्या टाचेची वाटच पाहिली नाही कधी. ती टाच काय सांगते, ते मला अजून कळत नाही.”

माकड त्या रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सावरीच्या झाडावर चढले आणि फुटलेल्या बोंडांतला कापूस घेऊन माळावर गेले. घोड्याने आपण होऊन मान खाली केली. माकडाने त्याच्या दोन्ही कानांत बोळे घातले, पाठीवर बसून डावी टाच टेकवली. घोडा थोडा विचारात पडला आणि डावीकडेच सरकला. पाऊल चुकले होते, पण ते टाचेने पडले होते. माकडाने त्याच्या मानेवर थोपटले आणि टाच पुन्हा टेकवली.

तात्पर्य : दुसऱ्याच्या हाकेवर झालेले काम आपल्याला येते असे समजू नये, आपल्या खुणेने पडलेल्या चुकीच्या पावलापासूनच खरे शिकणे सुरू होते.