दोनदा मोजलेले मणी

एका गावात एक पाटील होता, तोंडाने मोठा गोड. अशा गोडबोल्यांचा मला भारी राग येतो, पण आधी गोष्ट ऐका.

गावाला एकच गायरान होतं. साऱ्यांची गुरं तिथंच चरायची. पाटलाला ते नांगरून घ्यायचं होतं. गाव कबूल होईना, तेव्हा तो म्हणाला, "देवीपुढं कौल घेऊ. या मडक्यात दहा मणी आहेत. पाच लाल आहेत, आणि काचेचेही पाच आहेत. गुरवानं डोळे मिटून एक काढायचा. लाल निघाला तर गायरान गुरांचं. काचेचा निघाला तरी गुरांचंच. दोन्ही नसला, तरच माझं. पाच आणि पाच किती?"

"दहा," गाव म्हणालं.

"मग मला काय उरलं? नुसतं माझं मन राखा."

पाटील खुळावला असं समजून गाव खूश झालं. एक गवळण तेवढी म्हणाली, "पाटील, आधी मणी बघू तरी."

लोकांनी तिलाच दटावलं, "गप गं, देवीपुढं शंका काढू नये."

गुरवाने मणी काढला. तो काळा होता, आणि मातीचा.

पाटलाने हात जोडले. "देवीची इच्छा. उद्या नांगर धरतो."

गवळणीचं सारं घर गाईंवर चालायचं. तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिने मडकं उचललं आणि पायरीवर आपटलं. निघालेला मणीही तिने सांडलेल्या मण्यांत टाकला.

"गुरवबाबा, लाल मणी बाजूला काढा."

पाच निघाले.

"आता उरलेल्यांतून काचेचे काढा."

एकच निघाला, निळा. मागे राहिले ते चार काळे, मातीचे. लाल मण्यांतलेच चार काचेचे होते.

"पाटील, तेच चार मणी तुम्ही दोनदा मोजलेत," गवळण म्हणाली. "लाल आणि काळा एका मण्यात मावत नाहीत, त्यांची बेरीज खुशाल करा. लाल आणि काच एकाच मण्यात मावतात. आमच्या बाजूला दहा सांगितलेत, आहेत सहा. उरलेले चार आणा, मगच नांगर धरा."

 सकाळी गावाने सारी गुरं गायरानात नेऊन उभी केली, आणि नांगर आल्या वाटेने परत गेला.

पाटलावरचा माझा राग तेव्हाच निवला. 'गप गं' म्हणणाऱ्यांवरचा अजून निवलेला नाही.

तात्पर्य: ज्या गोष्टी एकाच वेळी घडूच शकत नाहीत, त्यांच्याच शक्यतांची सरळ बेरीज करावी. एकच भाकरी दोनदा मोजून पोट भरत नाही, आणि मोजून बघू म्हणणाऱ्याला कधी गप्प बसवू नये.