उंच, सावळा, गालावर तीळ

"कागदापुढे तोंडाची बडबड चालायची नाही!" महाराज गरजले आणि भिवराला जोरात उचकी लागली. दचकली की तिला उचकी लागायचीच, आणि ती तर मांजर शिंकलं तरी दचकायची.

तिचा भाऊ सदबा, सुपं-टोपल्या विणणारा बुरूड, कालपासून कोठडीत होता. राणीसाहेबांची चांदीची अत्तरदाणी नाहीशी झाली होती. कोतवाल गजाबांनी पंचनामा लिहिला होता: 'समक्ष जाऊन पाहणी केली. अंधाराचा फायदा घेऊन उंच, सावळ्या, गालावर तीळ असलेल्या इसमाने खिडकीतून शिरून माल नेला.' सदबा उंच होता, सावळा होता आणि तीळही नेमका गालावर! उद्या त्याला पन्नास फटके बसणार होते.

"दादा बाजारात होता, महाराज! अख्ख्या बाजारानं... उक्!"

"बाजाराची तोंडं फिरतात, कागद फिरत नाही! कोतवालीचा शिक्का म्हणजे सत्य. तो खोटा पाडायचा तर तसाच कागद आण. पाच पंचांचे अंगठे हवेत आणि शिक्का ह्याच कोतवालाचा. सूर्य मावळायच्या आत!"

कोतवाल मिशीत हसले. स्वतःच्या कागदाविरुद्ध कागद कोण देतो?

भिवराला मोठ्या माणसांच्या तोंडाकडे बघवत नसे. म्हणून ती सगळा वेळ सिंहासनाच्या हातावरच्या लाकडी सिंहाकडे बघत होती. डाव्या सिंहाचा कान तुटका होता.

दुपारी ती कोतवालीत गेली. सकाळी भावाला भाकरी द्यायला आली होती, तेव्हा तिनं तिथं एक गठ्ठा पाहिला होता. कागद कोरे, पण खाली पाच अंगठे उठवलेले आणि शिक्काही मारून तयार! कोतवाल जेवून लोडाला टेकले होते.

"साहेब, एक बैठक आहे. सागवानी, लाल गादीची. दोन्ही हातांवर सिंह, डाव्याचा कान तुटका..."

"चोरीला गेली?" कोतवालांनी मान वर न करताच विचारलं.

"उक्!"

"रडू नकोस. कुठं असते?"

"मोठ्या घरात. येऊन बघता का?"

"ह्या उन्हात? मला इथून सगळं दिसतं!" गठ्ठ्यातल्या कागदावर बोरू सरसर धावला. "घे, दरबारात तूच नेऊन दे. माझा हेलपाटा वाचेल."

सूर्य टेकायला आला तेव्हा चिटणीस भर दरबारात वाचू लागले, "समक्ष जाऊन पाहणी केली. अंधाराचा फायदा घेऊन उंच, सावळ्या, गालावर तीळ असलेल्या इसमाने खिडकीतून शिरून सागवानी बैठक नेली. लाल गादी, दोन सिंह, डाव्याचा कान..."

चिटणीस अडखळले. सगळ्यांच्या नजरा डाव्या सिंहावर! महाराजांनी हळूच त्यावर हात ठेवला.

"खोटी तक्रार!" कोतवाल ओरडले.

"मी बैठक आहे म्हणाले, साहेब. चोरीला गेली हे तुम्ही म्हणालात."

"पण सिंहासन तर इथंच आहे!" महाराज म्हणाले. "मग मी बसलोय कशावर?"

भिवराची उचकी थांबली. "चोरीच्या मालावर, महाराज! शिक्क्याचा कागद खोटा कसा असेल? चोर तर कालपासून ह्यांच्याच कुलपात आहे. आता माल कुणाच्या बुडाखाली सापडला, ते आपणच बघा!"

महाराजांनी बुडाखालची लाल गादी चाचपून पाहिली. मग महाराज हसू लागले. असे हसले, असे हात आपटले, की उजव्या सिंहाचाही कान तुटला!

सदबा सुटला. भिवराला सोन्याचं कडं मिळालं, आणि कोतवालीची दौतही. "कोतवालाच्या पायाला जागेवरची माती दिसल्याशिवाय ही उघडायची नाही!" महाराजांनी हुकूम सोडला. "जा गजाबा, राणीवशात जाऊन अत्तरदाणीची पाहणी करून या!"

कोतवाल लगेच परतले आणि पाय पुढे करून दौत मागू लागले. भिवरानं वाकून बघितलं.

"राणीसाहेबांच्या महालात गुळगुळीत फरशी आहे म्हणतात, साहेब. ही माती कुठली?"

महाराजांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. दुसऱ्यांदा मात्र कोतवाल खरोखर गेले, आणि पलंगाखालून अत्तरदाणी घेऊनच आले.