साळूचा डावा हात

जनावरं एकमेकांना सुखदुःख सांगायची, त्या काळातली गोष्ट. ओढ्याकाठी साळू वानरीण राहायची. गवत वाळलं की जनावरांच्या डोळ्यांत कुसळं जायची. साळू त्यांच्या मानेवर बसून उजव्या हाताने ती अलगद काढायची. डाव्या हाताने पिलू छातीशी धरलेलं असायचं. ते तिला रात्रभर निजू देत नसे, म्हणून ती कायम दमलेली.

एकदा चांदी म्हैस आली. "साळूबाई, डावा डोळा बघ गं. माझं रेडकू त्याच बाजूने चालतं. लांडगा आला तर मला दिसायचा नाही."

साळूने उजवा हात पलीकडे नेला, तर शिंग आडवं आलं. कुसळ आणखीच रुतलं.

"अगं, डावा हात लाव की!" चांदी कळवळली.

"त्याला सवय नाही, बाई. थोडा धीर धर. तोवर रेडकू उजवीकडे चालव."

साळूने पिलू उजव्या कुशीत घेतलं. त्याने रडून रान डोक्यावर घेतलं. तरी ती रोज डाव्या हाताने त्याच्याच केसांतली कुसळं वेचत बसायची.

"आई, ओढतेस!"

"ओढत्येय रे बाळा. मलाही येत नाही अजून."

एका दुपारी वेचता वेचताच पिलू झोपी गेलं. तेव्हा साळूने चांदीला हाक मारली.

कुसळ निघालं. चांदीने डोळा उघडला, तर समोर रेडकू. "इतका हलका हात! आधीच का नाही लावलास?"

"रिकामा कुठे होता गं?"

साळूने जांभई दिली. पिलाला पुन्हा डावीकडे घ्यायला गेली, तर ते झोपेतच उजव्या कुशीला घट्ट बिलगलं.