ठकूबाईची पैज

कांद्याच्या खळ्यावर व्यसनमुक्तीचे मोठे साहेब आले आणि कांदा निवडणाऱ्या बायांचे मिश्रीने काळे झालेले दात पाहून गरजले, "सुटत नाही म्हणजे काय? मनात आणलं तर माणूस वाट्टेल ते सोडतो!"

ठकूबाईच्या गालात महिन्याभरापासून फोड ठसठसत होता. मिश्री सोडायचं तिच्या केव्हापासून मनात होतं. ती म्हणाली, "चला, पैज लावू. दिवस मावळेपर्यंत तुम्ही जेवणाचा डबा उघडू नका, मी मिश्रीची डबी उघडत नाही."

साहेब हसून तयार झाले. दुपारी तीनला मात्र त्यांनी गाडीतून डबा मागवलाच.

"अहो साहेब, आणि पैज?"

"पोटात कावळे ओरडायला लागल्यावर माणूस दुसरं काय करणार, बाई?"

"डबा असला तर जेवतो," ठकूबाई म्हणाली, "नसला तर मिश्री लावतो."

बाया खदखदून हसल्या. ठकूबाईलाही हसायचं होतं, पण गाल हलला की कळ मस्तकात जायची. सकाळपासून तिच्या पोटातही काही नव्हतं. तिने कमरेची डबी काढली आणि फोडाचा गाल वाचवून दुसऱ्या बाजूला मिश्री लावली.