किल्ली येईपर्यंत

“आणि खिडकी कुठल्या दिशेला हवी?” बाबांनी विचारलं.

“उत्तरेला,” विश्वंभर म्हणाला. “ऊन थेट कागदावर येऊ नये.”

“बरोबर. डोळे दुखतात.”

गावाबाहेरच्या दर्ग्याच्या पायरीवर दोघं बसले होते. लतीफबाबा तिथले म्हातारे फकीर. विश्वंभर विद्यापीठातला विद्यार्थी. शनिवारपर्यंत प्रबंध दिला नाही, तर त्याचं वर्ष जाणार होतं. दर्ग्यामागची रिकामी खोली मागायला तो आला होता. किल्ली दर्ग्याची झाडलोट करणाऱ्या जैनबबींकडे असायची. बाबांनी त्यांना निरोप धाडला होता.

“वसतिगृहात काय बिघडलं?”

“मुलं गाणी लावतात.”

“मामाकडे?”

“मामी सारखं चहाचं विचारते.”

“अरेरे. आणि ग्रंथालयात?”

“तिथे फारच शांत असतं, बाबा. आपलाच श्वास ऐकू येतो.”

बाबांनी गंभीरपणे मान डोलावली.

एक तांबडी कोंबडी बाजेखाली शिरली, बाहेर आली. रांजणामागे गेली, माती उकरली, कुरकुरत परत आली.

“हिचं काय चाललंय?”

“जागा बघतेय. अंडं घालायचंय.”

“नखरे बघा!”

“नखरे कसले? तिला आता थांबता येत नाही.”

कोंबडी पायरी चढली. विश्वंभरची शबनम पिशवी उघडी पडली होती. ती आत शिरली, स्वतःभोवती फिरली आणि खाली टेकली.

विश्वंभर ताडकन उठला. “अहो, माझे कोरे कागद आहेत त्यात!”

बाबांनी त्याचं मनगट धरलं. ओठांवर बोट ठेवलं.

“श्श... बसलीय.”

तेवढ्यात रस्त्यावरून लग्नाची वरात आली. बँड, ताशा, नाचणारे वऱ्हाडी. विश्वंभरने कानांवर हात ठेवले. कोंबडीने नुसते डोळे मिटले.

वरात लांब गेली. काही वेळाने कोंबडी उठली आणि साऱ्या गावाला ओरडून सांगत अंगणात निघून गेली.

कागदांवर अंडं होतं. विश्वंभरने ते उचललं. चांगलं ऊबदार होतं... त्याला हसू आलं. बाबाही बोळक्या तोंडाने हसले.

“तर,” ते म्हणाले, “लिहायचंय कशावर?”

विश्वंभर गोंधळला. हे त्याला इतक्यात कुणी विचारलं नव्हतं. त्यानेही सांगितलं नव्हतं.

“बहुरूप्यांवर. म्हणजे... सोपानकाकांवर. आमच्या आळीत यायचे. एकदा फौजदाराचा वेश करून थेट चौकीत घुसले. हवालदाराला म्हणाले, टोपी सरळ कर!”

“केली?”

“केली की! वर सलाम ठोकला. मग काकांनी हात पुढे केला. ‘साहेब, बहुरूपी आहे, पोटाला काहीतरी द्या!’”

बाबांना हसता हसता ठसका लागला. “मग? हवालदार काय म्हणाला?”

“तीच तर गंमत! तो म्हणाला...”

विश्वंभर थांबला. हातातल्या अंड्याकडे बघत राहिला.

“काका दिवाळीत गेले, बाबा. त्यांची सगळी सोंगं, सगळं बोलणं... आता फक्त मलाच पाठ आहे.”

त्याने पिशवी जवळ ओढली.

“थांबा जरा. हे लिहूनच घेतो.”

त्याने कागदावरचं पीस फुंकलं, गुडघ्यावर कागद ठेवला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. मधेच स्वतःशी हसला. ऊन थेट कागदावर होतं. डाव्या हातात अंडं तसंच होतं. बँडवाले वाजवतच परत निघाले होते. त्याने मान वर केली नाही.

लांबूनच जैनबबींचा खणखणीत आवाज आला.

“बाबा, सापडली हो किल्ली! कुठंय तो पोरगा? चल रे, उघडते खोली!”

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

“श्श... बसलाय.”