सारवलेलं पेव

फार पूर्वी लोक धान्य जमिनीच्या पोटात ठेवत, त्या काळातली ही गोष्ट. खोल खड्डा खणायचा, आतून लिंपायचा, धान्य भरायचं आणि तोंडावर फरशी टाकायची. त्याला पेव म्हणत. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी दिवा सोडून बघायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कोंडलेली हवा माणूस मारते.

एका गावच्या पाटलांच्या अंगणात असं पेव होतं. त्याच्या फरशीला तडा गेला होता. घरातली माणसं सवयीने वळसा घालून जात.

"अहो, ती फरशी बदला. कुणीतरी जाईल आत," पाटलीणबाई म्हणायच्या.

"घरात सगळ्यांना माहीत आहे. लेकीचं लग्न होऊ दे, मग बघू."

लग्न आलं. तडा वाईट दिसतो म्हणून पाटलांनी काय करावं? फरशीसकट सगळं अंगण शेणाने सारवून घेतलं! पाहुण्यांनी अंगणाचं कौतुक केलं आणि पाटील मिशीत हसले.

नवरीला हिरवा चुडा भरायला कासारीण आली. नवरीने तिला भिंतीच्या कडेने ओसरीवर आणलं. एक हात भरून झाला. दुसऱ्या हाताच्या बांगड्या दाराशी ठेवलेल्या टोपलीत राहिल्या होत्या.

"बस गं बाय, आत्ता घेऊन येते," म्हणत कासारीण उठली आणि सरळ अंगणातून निघाली. तिला थांबवायचं नवरीला सुचलं नाही. रोज वळसा घालता घालता, तो कशासाठी घालतो हेच माणूस विसरतं.

फरशी मोडली. आतून एकदा हाक आली, "बाय गं, काढा मला!" दोर आणेपर्यंत ती हाकही थांबली. खाली सोडलेला दिवा विझला. पेवात हवा खेळल्यावर माणसं उतरली, तेव्हा उशीर झाला होता.

पंच बसले. पाटील म्हणाले, "मी काय तिला ढकललं? तिनं खाली बघून चालायला नको?"

म्हाताऱ्या पंचाने विचारलं, "खाली बघितलं असतं, तर तिला काय दिसलं असतं, पाटील?"

पाटलांची मान खाली गेली. "सारवण," ते पुटपुटले.

"मग तिनं बघूनच पाऊल टाकलं. तुमच्यावर विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक."

पंचांनी कासारणीच्या पोरक्या लेकरांचा भार पाटलांवर टाकला. पण आई कुठून आणणार? नवरीने दुसऱ्या कुणाकडून बांगड्या भरून घेतल्या नाहीत. एका हातात चुडा, दुसरा हात मोकळा, अशीच ती बोहल्यावर उभी राहिली.

पहिल्या सणाला ती माहेरी आली आणि दारातच थांबली. पाटील लगबगीने पुढे झाले. "ये पोरी, आत ये. नवी फरशी बसवलीय. सगळं अंगण पुन्हा सारवून घेतलंय."

लेकीने त्या गुळगुळीत अंगणाकडे पाहिलं. "बाबा, अजून कुठं कुठं सारवलंय?"

लेक उंबरठ्यावरूनच मागे फिरली.

तात्पर्य : ज्याने दुसऱ्याला 'आत या' म्हणावं, त्याने आधी आपल्या अंगणातला खड्डा बुजवावा, झाकू नये.